गणपतीची सोमवारची ड्युटी

कूलर माळ्यावरून खाली काढण्याचा दिवस आमच्या घरात सणासारखा असतो. म्हणजे मी तो सणासारखा साजरा करतो. बाकीचे लोक शिडी धरतात आणि तोंडं वाकडी करतात. यंदा मी वाळ्याचे नवे पडदे आणले, ते खिळ्यांना अडकवले, टाकीत पाणी ओतलं आणि नारळ फोडावा अशा थाटात बटण दाबलं. मोटर दोनदा खोकली. मग पडद्यांवरून पाणी ओघळू लागलं आणि ओल्या वाळ्याचा तो वास आला. झालं! आमचा पुण्यातला हॉल, त्यातला सोफा, सोफ्यावरची बायको, सगळं विरघळून गेलं. मी जयपूरला, आदर्श नगरात, कर्नलकाकांच्या गॅरेजमध्ये उभा होतो. वय वर्षं वीस, पायात चपला नाहीत, कारण आत संगणक होता.

"बाबा, तंद्री संपली असेल तर इकडे ये ना," मुक्ता म्हणाली.

मुक्ता माझी मुलगी. शेवटच्या वर्षाला आहे आणि सध्या तिला परोपकाराचा झटका आलाय. जगभरातली माणसं फुकटात, आपापल्या घरी बसून, मिळून एखादा प्रोग्रॅम लिहितात, तो कुणीही वापरावा, कुणीही उघडून बघावा, कुणीही दुरुस्त करावा. ओपन सोर्स म्हणतात त्याला. अशा एका प्रोग्रॅममध्ये तिला हात लावायचाय. त्यात काय काय बिघडलंय याची एक लांबलचक जाहीर यादी असते. कुणी कुणाला काम सांगत नाही. यादीतलं आवडेल ते आपण उचलायचं.

"शेकडो मुद्दे आहेत. कुठला घेऊ?"

"तुला कुठला खुणावतोय?"

"हा. स्क्रीनचे रंग बदलायचा. सगळ्यांना दिसेल मी केलेलं."

सगळ्यांना दिसेल! कूलरचा एक थंड शिंतोडा मानेवर पडला म्हणा, की आणखी काही म्हणा, मी दचकलो. हे वाक्य माझं होतं. जसंच्या तसं. मी ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला एका उन्हाळ्यात वापरलं होतं आणि मला वाटलं होतं, त्यानंतर ते कुणी उचलणार नाही.

तर मंडळी, जरा सरकून बसा.

जयपूरचा उन्हाळा हा हवामानाचा प्रकार नाही, तो एक पाहुणा आहे. होळीनंतर येतो, सगळ्यात चांगली खोली घेतो आणि चार महिने हलत नाही. दुपारी रस्त्यावर फक्त भाजून काढणारी लू असते आणि तिच्या वाटेत आलेले दुर्दैवी पोस्टमन. लोखंडी फाटकाला हात लावायचा तर रुमाल लागतो. माझे वडील विमा खात्यात, बदलीवर तिथे आलेले. माझी बी.एस्सी.ची परीक्षा संपलेली, निकाल लागायचा होता, आणि निकालाची वाट बघणाऱ्या मुलाइतका निरुद्योगी प्राणी घरात दुसरा नसतो, कूलरसुद्धा काहीतरी करत असतो. आईनं मला उचलून मराठी मंडळाच्या पाणपोईवर टाकलं.

तिथे तिला प्याऊ म्हणतात. आदर्श नगरच्या कोपऱ्यावर, आग्र्याच्या रस्त्याला लागायच्या आधी, एक जुना कडुनिंब होता. त्याच्याखाली चैत्रात आमचं मंडळ चौथरा लिंपून बारा मडकी मांडायचं. मडक्यांवर लाल ओली फडकी. चौथऱ्यावर एक जण बसायचा, हातात लांब नळीची तांब्याची झारी. कानोत्याकडून येणारे दूधवाले, उंटगाडीवाले, शाळेतली पोरं, सगळे समोर वाकून ओंजळ धरायचे आणि वरून धार पडायची. पाणी पिऊन माणूस मान वर करायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे असायचं ते बघायला मिळावं म्हणून लोक ड्युटी मागून घ्यायचे. दिवसाच्या तीन ड्युट्या: सकाळ, दुपार, संध्याकाळ. आठवड्याच्या एकवीस. आणि मंडळाचे स्वयंसेवकही बरोब्बर एकवीस. बघा, कसं मोदकांसारखं जमलं होतं.

आता ड्युट्यांची यादी कोण करणार? पूर्वी चिटणीस हातानं करायचे आणि त्यावरून दर वर्षी दोन कुटुंबांत अबोला व्हायचा. त्या वर्षी कर्नलकाकांनी ते काम संगणकाला दिलं. कर्नलकाका निवृत्त होऊन जयपुरातच राहिलेले. गॅरेजमधली मोटार विकून त्यांनी तिथे संगणकाचा वर्ग काढला होता. दोन यंत्रं, एक प्रिंटर, एक कूलर आणि भिंतीवर पाटी: 'पादत्राणे आणि शंका बाहेर ठेवू नयेत.' म्हणजे चपला आत आणायच्या की नाही, हे कुणालाच कळायचं नाही. आम्ही बाहेर ठेवायचो.

ड्युट्यांचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला आणि तो चक्क वाटून टाकला. बंगाली लोकांच्या समितीला एक फ्लॉपी, सिंधी पंचायतीला एक. "पाण्याची यादी आहे, लष्करी गुपित नाही," म्हणायचे. आणि प्रिंटरशेजारी, दोरीला बांधलेल्या पेनासह, एक वही ठेवली. वर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात: 'उणिवा'. या प्रोग्रॅममध्ये ज्याला जे खुपेल ते त्यानं लिहावं. ज्याला जी उणीव दूर करावीशी वाटेल त्यानं समोर आपलं नाव घालून ती घ्यावी. दूर झाली, की कशामुळे होती तेही लिहावं. हुकूम कुणाला नाही. आयुष्यभर हुकूम दिलेल्या माणसानं ही गंमत काढली होती.

रविवारी सकाळी आम्ही दोघं-तिघं तिथे जमायचो. त्यात नीलिमा भटनागर होती. इंजिनिअरिंगला होती, दोन वेण्या घालायची आणि माणसाकडे प्रोग्रॅममधली चूक शोधावी तशी बघायची. ती आल्यापासून माझं संगणकावरचं प्रेम चांगलंच वाढलं होतं, एवढंच सांगतो. बायको सोफ्यावर आहे.

त्या वहीतली पानं मला अजून आठवतात. 'आपट्यांच्या नावात एक ए जास्त पडतो.' 'छापताना कर्कश आवाज होतो, दुपारी झोप मोडते,' हे कर्नलकाकूंच्या अक्षरात. 'यंत्र सुरू झाल्यावर नमस्कार म्हणाले तर बरे.' नीलिमा आपट्यांचा जास्तीचा ए घ्यायची. दहा मिनिटांत काढून मोकळी. मी मात्र वही अशी चाळायचो जशी लग्नात जेवणाची पंगत बघतात: गोड कुठे आहे? मी नमस्कार घेतला. यंत्र सुरू केलं की पडद्यावर चांदण्यांचा हवामहल यायचा आणि पिपाणीसारखी धून वाजायची. दोन रविवार गेले त्यात.

"सुहास, इसमें पानी का क्या फ़ायदा हुआ?" नीलिमानं विचारलं.

"मनोरंजन भी एक तरह का पानी है," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं. चूक सापडल्यासारखं.

मग आली बारा नंबरची उणीव. चिटणिसांनी लिहिली होती: 'मंडळाच्या कोणत्याही यादीत पहिले नाव श्रींचे असते. ते या यादीत नाही.' ही आमच्या मंडळाची जुनी रीत. सभासद क्रमांक एक, श्री गजानन. वर्गणीच्या यादीत पहिले तेच, सहलीच्या यादीतही पहिले तेच, बसमध्ये त्यांची एक जागा धरायची आणि तिथे पातेलं ठेवायचं. पण संगणक इंग्रजीत, नावं ए पासून झेड पर्यंत लावणारा. त्यानं गजाननाला गोखल्यांच्या मागे-पुढे कुठेतरी टाकलं असतं. देवाला पहिल्या ओळीत बसवायचं म्हणजे कौशल्याचं काम. आणि सगळ्यांना दिसेल! मी उडी मारून नाव घातलं.

पुढच्या रविवारी यादी कडुनिंबाला चिकटली आणि आदर्श नगर हसून लोळलं. मी गजाननाला यादीत बसवलं होतं, पण संगणकाला देव आणि दाते यांतला फरक काय माहीत? त्यानं पहिल्या नावाला पहिली ड्युटी दिली. 'SHRI GAJANAN: MONDAY MORNING.' सोमवारी सकाळी सात वाजता पाणपोईवर गणपती बसणार!

मला वाटलं आता कर्नलकाका कान धरणार. पण लोकांना ते इतकं आवडलं की चिटणीस म्हणाले, राहू दे, सोमवारी सकाळी लोक आपापल्या हातानं पाणी घेतील. आणि आश्चर्य म्हणजे त्या सोमवारी सकाळी बाराही मडकी काठोकाठ भरलेली, फडकी ओली, चौथरा झाडलेला. पुढच्या सोमवारीही तेच. बायका येता-जाता कडुनिंबाला हात जोडायला लागल्या. मला वाटलं, कर्नलकाका पहाटे फिरायला जातात, तेच भरत असणार. नंतर कळलं, कर्नलकाकांना वाटत होतं, मीच भरतो. त्यांनी माझ्याबद्दल इतका चांगला विचार आयुष्यात एकदाच केला आणि तोही चुकीचा निघाला.

तेवढ्यात वहीत चौदा नंबर उगवला. पेननं नाही, पेन्सिलीनं. बारीक, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं: 'शेवटचे नाव येत नाही.' खाली कुणाचंच नाव नव्हतं.

"शेवटचे मतलब?" नीलिमानं विचारलं.

"आख़िरी. यादीतलं शेवटचं नाव येत नाही म्हणे." मी छापलेला कागद उचलला. शेवटची ओळ: वैद्य, रविवार संध्याकाळ. स्पष्ट, ठळक. "आ तो रहा है. किसी को चश्मा चाहिए."

आणि मी पान उलटलं. मला तेव्हा यादीभोवती वेलबुट्टी काढायची होती.

पुढच्या रविवारी तीच ओळ थोडी गडद दिसली. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी. पेन्सिल कुणीतरी पुन्हा त्याच अक्षरांवरून फिरवत होतं. मी बघितलं, मनात म्हटलं, काय चिवट माणूस आहे, आणि वेलबुट्टीकडे वळलो. चौथ्या रविवारी तर अक्षरं कागदाच्या मागच्या बाजूनं हाताला लागायला लागली होती.

आता झेंडेकाकू. त्यांना इतक्या उशिरा आणतोय हा माझ्या गोष्टीचा दोष नाही. त्या उन्हाळ्यात मी त्यांना असंच उशिरा बघितलं.

सुभेदार झेंडे मूळचे फलटणकडचे. जयपूरच्या छावणीतून निवृत्त झाले, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि दोन वर्षांत गेले. काकू एकट्याच राहिल्या. मूलबाळ नाही. पाणपोईच्या मडक्यांची फडकी त्या शिवायच्या आणि दर रविवारी सकाळी धुऊन, घडी करून, कर्नलकाकांच्या गॅरेजमध्ये आणून ठेवायच्या. आम्ही पडद्यात डोकं घालून बसलेलो असायचो. दारात कुणीतरी आलं, फडकी ठेवली, क्षणभर प्रिंटरपाशी थांबलं आणि गेलं. एवढंच.

ज्येष्ठातला एक रविवार. संध्याकाळी मी सायकलवरून बाजारातून येत होतो आणि समोरच्या झालान्याच्या टेकड्या एकाएकी पुसल्या गेल्या. आंधी! तपकिरी भिंत चालत यावी तशी येते ती. मी पाणपोईशी पोचलो तेव्हा कडुनिंब वेड्यासारखा हलत होता आणि चौथऱ्यावर एकच बाई होती, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, दोन्ही हातांनी मडक्यांची झाकणं दाबून धरलेली. दोन हात आणि बारा मडकी.

"बघत काय उभा रं? ती पलीकडची धर!"

मी सायकल टाकली आणि झाकणांवर आडवा पडलो. तोंडात रेती, कानात रेती.

"काकू, आज तुमची ड्युटी?" मी ओरडलो.

"माझी कुठली? वैद्यांची हाय. ती कानोत्याला धरणावर गेल्यात. मला आता ड्युटी न्हाई."

"का? सोडली तुम्ही?"

"मी कशाला सोडीन? तुमच्या मशीननं काढली. पहिले तीन आठवडं होती, रविवारची संध्याकाळ. मग गेली." त्यांनी एक झाकण कोपरानं दाबलं. "आता मशीनशी कोण भांडणार?"

"अहो, पण मग सांगायचं ना कुणाला तरी!"

"सांगितलं की. वहीत लिहिलं. कर्नलसायबच म्हणाले हुते, ज्याला खुपंल त्यानं लिहावं. दर रविवारी येऊन बघायची, कुणी घेतलंय का. घेतलं नसलं की परत गिरवायची. म्हटलं पेन्सिल फिकी हाय, पोरांना दिसत नसंल."

आंधी होती म्हणून बरं. डोळ्यांत पाणी यायला कारण तरी होतं.

"दिराचं पत्र आलंय," त्या जरा वेळानं म्हणाल्या, वारा थोडा उतरल्यावर. "फलटणला ये म्हणतो. बुधवारचं तिकीट काढलंय. बाकीचे वार कसंबी जात्यात, पण रविवारची संध्याकाळ लई मोठी असती बघ. घराघरांत माणसं असत्यात. त्या वेळेला इथं बसलं की शंभर लोक ओंजळ धरायचे म्होरं. आता ते न्हाई तर हितं राहून कुणाचं काय अडतंय?"

मी झाकणांवरची रेती पुसत राहिलो. मी, ज्याच्याकडे हवामहल होता, पिपाणी होती, वेलबुट्टी होती!

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच मी कर्नलकाकांकडे निघालो. वाटेत पाणपोई. सोमवार सकाळ. आणि श्री गजानन ड्युटीवर होते: पदर खोचून, सार्वजनिक नळावरून बादली वाहत, हाश्शहुश्श करत बारावं मडकं भरत होते.

"काकू! म्हणजे दर सोमवारी तुम्ही?"

झेंडेकाकू चोरी पकडल्यासारख्या थांबल्या. मग बादली खाली ठेवून हसल्या. "देव काय बादल्या उचलणार हाय? दुसऱ्या माणसाच्या जागी उभं राहिलं की लोक इचारत्यात, तुम्ही कशा हितं? देवाच्या जागी उभं राहिलं की कुणी इचारत न्हाई. अंधारातच येते, सातच्या आत जाते."

आंधीनं यादीचे तीन कोपरे उपटले होते, एका टाचणीवर ती लटकत होती. मी ती हातानं सपाट धरली आणि उन्हाळ्यात पहिल्यांदा पुरती वाचली. तोवर मी, आणि आमच्यातल्या सगळ्यांनीच, यादीत फक्त आपलं नाव वाचलं होतं. मी ओळी मोजल्या. एकवीस. पहिली गजाननाची. म्हणजे माणसं वीस. ड्युट्या एकवीसच, छापायच्या ओळी एकवीसच, आणि मी वरून एक देव आत ढकलला होता. प्रत्येक जण एक पायरी खाली सरकला आणि ए पासून झेड पर्यंतच्या त्या जिन्यावर जो सगळ्यात खाली उभा होता तो खाली पडला. झेंडे. झेड.

दुरुस्तीला अकरा मिनिटं लागली. श्री यादीच्या वर, मोजणीच्या बाहेर छापायचे, बस्स. वहीत 'कशामुळे' हे लिहायला मात्र एक तास लागला. कर्नलकाका बनियनवर, तोंडात ब्रश, मागे उभे. आठ वाजत आले होते आणि कॉलेजला जाण्याआधी फ्लॉपी न्यायला नेमकी नीलिमा आली. शेवटी मी लिहिलं: 'चौदा नंबर. शेवटचे नाव म्हणजे झेंडेकाकू. बारा नंबर करताना मीच त्यांना बाहेर काढले. चार आठवडे वाचून सोडून दिले.'

नीलिमानं मला शब्द विचारत विचारत ते वाचलं. दोरीचं पेन घेतलं आणि त्याखाली लिहिलं: 'मैंने भी.'

कर्नलकाकांनी चूळ भरली. "गणपतीला रजा मंजूर," ते म्हणाले. "तुला नाही. ही यादी झाडाला लावायची नाही. आधी त्यांच्या हातात द्यायची. जा."

काकूंच्या खोलीत मधोमध सुभेदारांची काळी ट्रंक उघडी होती, अर्धी भरलेली. मी कागद दिला. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी कागद खालून धरला, ट्रंकेपाशी खाली बसल्या आणि झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलेल्या नावाशी ती शेवटची ओळ एकेक अक्षर लावून बघितली. झेड. ई. एन. डी. ई. बोट ट्रंकेवर, मग कागदावर, मग परत ट्रंकेवर. निकालाच्या दिवशीसुद्धा मी इतका घाबरलो नाही.

"हेच," त्या म्हणाल्या. मग एकदम करड्या आवाजात, "सोमवारी सकाळी आता कोण?"

"आपटे."

"आपटे! त्यो आठाशिवाय अंथरूण सोडत न्हाई. मडकी कोरडी पडतील की." त्यांनी ट्रंकेतून एक लुगडं बाहेर काढलं, झटकलं आणि खुंटीवर टाकलं. "बुधवारच्या तिकिटाचं काय करायचं असतं रं? परत घेत्यात का?"

घेतात. मीच रांगेत उभा राहिलो. काकू फलटणला गेल्या, पण पाऊस लागून मडकी उलटी ठेवल्यावर, आणि पुढच्या चैत्रात परत आल्या, झारी घासून. मंडळाच्या बायका पुढे किती तरी दिवस सोमवारी कडुनिंबाला हात जोडायच्या. काकू बादली घेऊन शेजारूनच जायच्या आणि मला डोळा मारायच्या. निकालात मी पास झालो होतो. तेवढ्यावरच समाधान मानलं, कारण नीलिमा मला शेवटपर्यंत भाऊच म्हणाली.

कूलरची टाकी भरून वाहायला लागली तेव्हा मी शुद्धीवर आलो. मुक्ता अजून पडद्यासमोर होती.

"शेवटून बघ," मी म्हटलं. "सगळ्यात जुना कुठला आहे?"

तिनं यादी उलटी लावली. "ई, चार वर्षांपूर्वीचा. काहीतरी छोटंसंच आहे, कुणीच घेतलेला नाही." ती वाचत खाली गेली आणि हसली. "बाबा, हा माणूस बघ. दर दोन-तीन महिन्यांनी येतो आणि तेच एक वाक्य परत लिहून जातो. वेडा आहे का?"

"वेडा नाही," मी म्हटलं. "गिरवतोय."